घरबसल्या कमाई : कोणाच्या जिवावर?

बाळोते हा विकत घेण्याचा जिन्नस आहे, असे दोन पिढ्यांपूर्वी कोणी म्हटले असते, तर मराठवाड्यातील आजीबाई हसल्या असत्या. वापरून मऊ झालेले लुगडे किंवा धोतर फाडून घरोघरी बाळोती होत. पुढे एकदा वापरून टाकायचे डायपर बाजारात आले, आणि त्यांचा कचरा एवढा वाढला की २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांना त्याची दखल घ्यावी लागली. त्यावर उतारा म्हणून कापडी लंगोट परत आला आहे. परंतु तो आता आजीच्या पेटीतून येत नाही, कंपनीच्या गोदामातून येतो. तो विकण्यासाठी दुकान थाटावे लागत नाही. तान्ह्या मुलांच्या आयाच घरी बसून, मोबाईलवर छायाचित्रे पाठवून तो विकतात. शहरांत रुळलेली ही पद्धत हिंगोली-वसमतसारख्या गावांच्या दारी येते, तेव्हा ‘मूल सांभाळून घरबसल्या कमाई’ या आश्वासनाचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

हे आश्वासन हिंगोलीत का रुचावे, हे समजण्यासारखे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीवर जगतो. २०११ च्या जनगणनेत येथील शंभरापैकी सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहत होती. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर येथील व्यवहार चालतो, कारखानदारी बेताचीच. शिकलेल्या सुनेने खुरपणीला जावे हे घराला रुचत नाही, आणि नांदेड-परभणीला नोकरी धरावी तर मूल कोठे ठेवावे, हा प्रश्न सुटत नाही. अंगणवाडीत तीन वर्षांवरचे मूल काही तास बसते. त्याहून लहान मुलाला आहार मिळतो, आसरा मिळत नाही. अशा स्थितीत एखादीने एजन्सी घेतली, तर तिने अनेक वाटांतून एक निवडली असे म्हणता येईल काय?

या कामाचे स्वरूपही पाहावे. एका बाळाला किती लंगोट लागतात, आतली घडी कशी बसवावी, पावसाळ्यात ते वाळवावेत कसे, हे ग्राहक बाईला समजावून सांगावे लागते. हे ज्ञान कंपनीने दिलेले नसते. स्वतःच्या मुलाचे धुणे धुऊन ते मिळवलेले असते. तिचे मूल हीच मालाची जाहिरात आणि तिचे अनुभव हेच विक्रीचे कसब. पण त्याचा मोबदला वेगळा धरला जात नाही. माल खपला तरच मिळकत. आधी पैसे भरून घेतलेला माल पडून राहिला, तर तोटा तिचा. शिवाय ज्या पर्यावरणरक्षणाचा गौरव होतो, ते रोजच्या धुण्यावर उभे आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या धुण्याचे पाणी कोण आणते, हे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे आढळले, पुरुषांची ९७. विक्रीचे तास या २९९ मिनिटांच्या जागी येत नाहीत, त्यांच्यावर चढतात.

कायदा या स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहतो? १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीला कामगार मानले. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने स्वीकारलेला नाही. तरी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. मात्र त्या व्याख्येला मालक लागतो. उलट थेट विक्रीसंबंधीचे २०२१ चे नियम विक्रेत्याला कंपनीच्या बरोबरीचा स्वतंत्र व्यापारी समजतात. भांडवल, गोदाम आणि दर ठरवण्याचा अधिकार एका बाजूला. मांडीवर मूल आणि हातात मोबाईल दुसऱ्या बाजूला. ही बरोबरी कागदावरच शोभते.

या कामातून काहींना स्वतःचा पैसा प्रथमच दिसतो, चार लोकांत ओळख होते, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. मुलाच्या औषधासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा न लागणे हे लहान सुख नव्हे. म्हणून हे काम बंद करा अशी मागणी करणे अन्यायाचे होईल. मागणी असली पाहिजे ती या कामाला श्रम म्हणून मान्यता देण्याची.

या मागणीला महाराष्ट्राच्या इतिहासातच आधार आहे. १९७२ च्या दुष्काळात येथे रोजगार हमी आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याच विचारातून निघालेल्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात एक तरतूद होती : कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. माती उचलणे आणि मूल सांभाळणे ही सारख्याच मोलाची कामे आहेत, हे कायद्याने एकदा मान्य केले होते. रोहयोच्या बांधावर जे खरे होते, ते घराच्या उंबऱ्याआड खोटे कसे ठरेल?

तेव्हा करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. एजन्सीच्या अटी मराठीत लेखी मिळाव्यात. न खपलेला माल परत घेण्याचे बंधन कंपनीवर असावे. घरी बसून विकणारीचीही कामगार म्हणून नोंद व्हावी. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आहे. ती हिंगोलीच्या तालुक्यातालुक्यांत उतरावी. आणि लंगोट शिवायला परगावची कंपनी कशाला हवी? १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडात काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. बचत गटांतील शिलाई यंत्रे आणि तालुक्याची बाजारपेठ एकत्र आणली, तर कापडी लंगोटांची सहकारी संस्था या जिल्ह्यातही उभी राहू शकेल.

मूल वाढवणे हे समाजाचे काम आहे. ते एकट्या आईच्या पदरात टाकून, त्याच पदराआडून माल खपवणाऱ्या व्यवस्थेला स्वावलंबन हे नाव देता येणार नाही.