समुद्राखालच्या पाइपाची तपासणी कधी झाली, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कळायला नको?

उरणच्या किनाऱ्यावर तेलाचा तवंग आला की दोन-तीन दिवस धावपळ होते. पंचनामे, फोटो, पुढाऱ्यांच्या भेटी, भरपाईचे अर्ज. मग सगळं शांत. जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण या तेलवाहिनीला गळती लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये उरणला पुन्हा तेल बाहेर आलं. दर वेळी आपण बोलतो ते किती तेल सांडलं यावर. तो पाइप शेवटचा कधी तपासला होता आणि तेव्हा काय आढळलं, हे विचारणारे फार थोडे.

मुंबई हायचं तेल सापडलं १९७४ ला, काढायला सुरुवात झाली १९७६ ला. म्हणजे पन्नास वर्षं होत आली. जुन्या वाहिन्या ओएनजीसी टप्प्याटप्प्याने बदलते आहे, हे मान्य. पण तळाशी पडलेला पाइप आपल्याला दिसत नाही आणि खारं पाणी सुट्टी घेत नाही.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं हा शेवटी विजेचाच खेळ. म्हणून पाइपाला आधी लेप देतात. त्यावर बऱ्याचदा काँक्रीटचं जाड आवरण येतं, म्हणजे पाइप तळाशी बसून राहतो आणि लेपालाही मार लागत नाही. शिवाय ठरावीक अंतरावर जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची कडी बसवतात. लोखंडाच्या आधी ही कडी झिजते. दुरुस्तीला वर काढलेल्या टगच्या किंवा बार्जच्या बुडाला धातूचे ठोकळे लावलेले असतात ना, तोच हा प्रकार. युक्ती जुनी आहे, १८२४ ची. हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी ती काढली. गंमत म्हणजे तांबं झिजायचं थांबलं आणि त्यावर शेवाळ-शिंपले बसायला लागले, कारण पाण्यात विरघळणारं तांबंच त्यांना लांब ठेवत होतं. जहाजं मंदावली!

पण ही कडी कधीतरी संपतात. किती उरली हे पाणबुडे किंवा यंत्र खाली पाठवूनच कळतं. आणि ती फक्त बाहेरची राखण करतात. आतून वेगळंच चालू असतं. तेलाबरोबर थोडं पाणी येतं, कार्बन डायऑक्साइड येतो, कधी हायड्रोजन सल्फाइड. जिथे पाइपाला खोलगट भाग आहे आणि प्रवाह मंद आहे, तिथे पाणी साठतं, त्यात जिवाणू वाढतात आणि पाइप बुडाशी खड्डा पडत पातळ होत जातो. त्यासाठी पाइपातून ‘पिग’ नावाचं यंत्र सोडतात. साधा पिग गाळ खरवडतो, हुशार पिग भिंतीची जाडी मोजून आणतो.

हे न केल्याचं काय होतं ते अलास्कात दिसलं. मार्च २००६ मध्ये प्रुडो बे इथे बीपीच्या जमिनीवरच्या वाहिनीतून दोन लाखांहून जास्त गॅलन तेल सांडलं. भोक अगदी छोटं, आतून गंजून पडलेलं. त्या वाहिनीतून हुशार पिग शेवटचा गेला होता १९९८ मध्ये.

आणि पाइप नवा म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही. कझाकस्तानात कॅस्पियन समुद्रातल्या कशागान इथे सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच बंद करावं लागलं. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड भरपूर, आणि पाइपाच्या पोलादाला, जोडांना त्याने तडे गेले. सुमारे २०० किलोमीटर वाहिन्या नव्याने टाकाव्या लागल्या. तेल पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे नियम २००८ पासून आहेत. देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. तपासण्या होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. त्या होतात, अहवाल येतात आणि फायलीत जातात. कोळ्याला सांगितलं जातं ते एवढंच की प्लॅटफॉर्मपासून ५०० मीटरच्या आत जाळं टाकू नको. नियम त्याला, माहिती मात्र दुसऱ्याला. हे कसलं वागणं?

सुरक्षेचं कारण पुढे येईल, ठाऊक आहे. पण पाइप कुठून जातो ते तर जहाजांच्या नकाशावरच छापलेलं असतं, कुणी वरून नांगर टाकू नये म्हणून. मी नकाशा मागतच नाही. वर्षातून एकदा, मराठीत, एक पान: कोणती वाहिनी किती साली टाकली, पिग शेवटचा कधी गेला, कडी किती उरली, सगळ्यात पातळ जागा किती आणि ती कधी दुरुस्त होणार. हे पान अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात आणि प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लागावं. त्यासाठी कोट्यवधींचं टेंडर लागत नाही.

या आठवड्यात हेच प्रश्न माहिती अधिकारात टाकतोय. २०११ किंवा २०१३ च्या भरपाईचे कागद कुणाच्या सोसायटीत असतील, तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम, दोन्ही लिहा.