चौकटही आपणच करावी

रेशमावर रंगकाम करायचे ठरले, की आपल्यातील बरेचजण चौकटीसाठी दुकान गाठतात. तेथे मिळणार दोन-चार ठरावीक मापे. मग चित्राची कल्पना त्या मापात कोंबायची. आणि ज्याचा खिसा रिकामा, त्याने रेशमाचा नादच सोडायचा! हे मला पटत नाही.

वास्तविक ही चौकट म्हणजे देवदारी लाकडाच्या चार सरळ पट्ट्या. टोकांना निम्म्या जाडीच्या खाचा पाडून त्या एकमेकींत बसवाव्यात, सरस लावून खिळे ठोकावेत. सरस ओला असतानाच दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, की कोपरे काटकोनात आले. मग काचपेपरने घासावे, कारण एखादे कुसळ राहिले तरी रेशमाचा धागा ओढला जातो. कापडाला पिना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे लावीत जाव्यात. ओले रेशीम सैल पडते. झोळ आला की तेथे रंग साचतो. कापड टेबलाला टेकले की डाग पडतो.

‘हे काम सुताराचे, कलावंताचे नव्हे,’ असे कोणी म्हणेल. परंतु जरदोजीचा कारागीर कारचोबावर कापड ताणून घेतो आणि मगच सुई उचलतो. ताण सांभाळणे हा त्याच्या कलेचाच भाग आहे. आपल्याही असायला हवा. म्हणून पहिल्या सत्रातील दोन तासिका करवत, पटाशी आणि गुण्या यांना द्याव्यात, अशी प्राध्यापकांना विनंती आहे.