जिथे वुजूचे पाणी पोहोचत नाही

रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत विडी-सिगारेटला हातही न लावणारे आपले कितीतरी भाऊ मगरिबची नमाज होताच कोपऱ्यावर जाऊन ती पेटवतात. कुणी हटकले तर उत्तर ठरलेले असते : "दिवसभर सोडली होती ना? आता एकीने काय होतं?" त्या एकीने नेमके काय होते, ते या महिन्यात समजून घेऊ या.

वुजू करताना आपण नाकात पाणी घेतो आणि नाक स्वच्छ करतो. त्याच्या पुढे मात्र आपला हात पोहोचत नाही आणि पाणीही पोहोचत नाही. तिथली साफसफाई अल्लाहने श्वासनलिकेच्या अस्तरावरच सोपवली आहे. या अस्तरातल्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात, एकेका पेशीवर सुमारे दोनशे. त्यांच्यावर पातळ, चिकट द्रवाचा थर असतो. श्वासातली धूळ आणि जंतू त्या थरात अडकतात. तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो थर घशाकडे वर ढकलत राहतात. आपण झोपलेले असतो तेव्हाही हा झाडू चालूच असतो.

धुरातले निकोटीन आणि डांबर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात धातूही असतात, हे मात्र आम्हाला फार थोड्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम ही त्यांची नावे. ते कारखान्यात कुणी मिसळलेले नसतात. तंबाखूचे रोप ते जमिनीतून शोषते आणि पानांत साठवते. कॅडमियम ओढून घेण्यात तर हे रोप फारच तरबेज आहे. काही फॉस्फेट खतांतूनही कॅडमियम शेतात येते.

चुलीत जुन्या फळीचा तुकडा घातला तर लाकूड जळून जाते, पण त्यातला खिळा राखेत सापडतो. धातू जळून नाहीसा होत नाही. तंबाखूतल्या धातूंचेही तेच. काही राखेत राहतात. पण झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि कॅडमियमची वाफ त्याच्या आतच होते. ती वाफ थंड होताना धुराच्या अतिसूक्ष्म कणांवर बसते आणि त्यांच्याबरोबर फुफ्फुसांत उतरते. एका सिगारेटमध्ये साधारण एक ते दोन मायक्रोग्रॅम कॅडमियम असते आणि त्याचा सुमारे दहावा हिस्सा ओढणाऱ्याच्या श्वासात जातो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो रोजचा आहे.

आत गेल्यावर काय होते? पेशींतून क्षार आणि पाणी सोडणारी काही दारे असतात, त्यांच्यामुळे वरचा द्रव पातळ राहतो. माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत कॅडमियममुळे ही दारे कमी झालेली दिसली आहेत. द्रव घट्ट झाला की बारीक तंतूंना तो ढकलता येत नाही. कफ साचतो, जंतूंचे फावते आणि सकाळचा तो ओळखीचा खोकला सुरू होतो. वर्षानुवर्षे हा मारा चालू राहिला तर तंतू असलेल्या पेशींच्या जागी कातडीसारख्या चपट्या पेशी येतात. म्हणजे झाडू मारणाराच उरत नाही.

आणखी एक घात आहे. पेशीतली जनुके बिघडली तर ती दुरुस्त करणारी काही प्रथिने जस्ताच्या आधाराने काम करतात. कॅडमियम जस्तासारखाच असल्याने त्याची जागा बळकावतो आणि दुरुस्ती अडते. कॅडमियम, आर्सेनिक, निकेलची संयुगे आणि क्रोमियमचे एक रूप यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

निकोटीन काही तासांत रक्तातून ओसरू लागते. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला मात्र दहा ते तीस वर्षे लागतात. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात ते न करणाऱ्याच्या साधारण दुप्पट आढळते.

"आमची विडी पानाची, नैसर्गिक," असे म्हणणारे भेटतात. पण धातू आले ते मातीतून, तंबाखूतून. हुक्क्याचे पाणी धूर थंड करते, धातू अडवून ठेवत नाही, शिवाय कोळशाचे विष वेगळेच. सिगारेटच्या फिल्टरमधूनही सूक्ष्म कण आणि वाफ जातातच.

हा धूर ओढणाऱ्यापुरता राहिला असता तरी दुःखच होते. पण तो घरात पसरतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे आढळले. मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात. धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळते आणि मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे असे आपण मानतो. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, या सूरह बकरातील ताकिदीचा दाखला उलेमा धूम्रपानाबाबत देतात. मग लेकरांच्या श्वासाचा हिशेब कोणी द्यायचा?

दिलासाही आहे. ओढणे थांबवले की तंतू पुन्हा कामाला लागतात आणि काही महिन्यांत खोकला व दम कमी होतो. सुरुवातीला खोकला वाढला तर घाबरू नये, अनेकदा ती साफसफाई सुरू झाल्याची खूण असते. तो टिकला किंवा कफात रक्त दिसले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो.

तेरा-चौदा तास न ओढता राहता येते, हे रोजाने सिद्ध केलेच आहे. उरतात ते इफ्तार ते सहरीचे तास, आणि त्यातले काही तरावीहमध्ये, काही झोपेत जातात. घरच्यांनी टोमणे न मारता त्या वेळी सोबत करावी, खिसा रिकामा राहील हे पाहावे. तलफ फारच छळू लागली तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. ईदच्या दिवशी लेकरांना गळ्याशी धराल, तेव्हा कपड्यांना फक्त अत्तराचा वास असो, हीच आमची दुआ.