ॲपवर आकडा तुमचा, पण किल्ली कुणाची? वझीरएक्स प्रकरणाने शिकवलेला धडा

क्रिप्टोचं ॲप उघडलं की स्क्रीनवर तुमच्या नावापुढे आकडा दिसतो. तेवढी नाणी आपल्याकडे आहेत, असं बहुतेकांना वाटतं. १८ जुलै २०२४ रोजी हा समज किती कच्चा आहे ते लाखो लोकांना कळलं. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांचे पासवर्ड फुटले नव्हते. कुणी ओटीपीही दिला नव्हता. तरी पैसे अडकले ते ग्राहकांचेच.

सामायिक वॉलेट म्हणजे काय?

क्रिप्टोत मालकी ठरते ती किल्लीवर. ही किल्ली म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. ज्याच्याकडे तो आकडा, तो नाणी हलवू शकतो. एक्स्चेंजवर खातं काढलं की सहसा ही किल्ली तुम्हाला मिळत नाही. हजारो ग्राहकांची नाणी कंपनीच्या मोजक्या वॉलेटमध्ये एकत्र राहतात. तुमच्या नावापुढचा आकडा ही फक्त कंपनीच्या वहीतली नोंद असते. गोदामात सगळ्यांचं सोयाबीन एकाच ढिगात ओतलं आणि प्रत्येकाच्या हातात पावती दिली, असा हा प्रकार.

सह्या होत्या, तरी चोरी कशी झाली?

बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही लागते. वझीरएक्सच्या वॉलेटलाही तसंच कुलूप होतं. एकूण सहा किल्ल्या. पाच कंपनीच्या लोकांकडे आणि एक लिमिनल या वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीकडे. व्यवहाराला कंपनीच्या तीन आणि लिमिनलची एक, अशा चार सह्या लागायच्या.

वझीरएक्सने नंतर सांगितलं की, स्क्रीनवर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्याच व्यवहारावर. त्या सहीने वॉलेटचा ताबाच चोरांकडे गेला. लिमिनलने मात्र आपल्या यंत्रणेत दोष नसल्याचं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तीन देशांनी ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांची असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात बायबिट या परदेशी एक्स्चेंजवर सुमारे १५० कोटी डॉलरची चोरी झाली. तिथेही सही करणाऱ्यांना स्क्रीनवर खोटंच दाखवलं गेलं होतं.

म्हणजे सह्या किती, एवढ्यावर भागत नाही. सही करणारा कागद नीट वाचू शकतो का, हेही तितकंच महत्त्वाचं.

एकाची चोरी, सगळ्यांची झळ

खरी मेख इथे आहे. चोरी एका वॉलेटमधून आणि ठरावीक प्रकारच्या नाण्यांची झाली, पण खाती सगळ्यांचीच गोठली. नुकसान सर्व ग्राहकांत वाटून घ्यायची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली. मंजुरी मिळून व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

एका महिला गुंतवणूकदाराने मद्रास उच्च न्यायालयात प्रश्न विचारला, माझी नाणी वेगळी, चोरीला गेलेली वेगळी, मग माझं खातं का अडकवता? ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तिला अंतरिम संरक्षण दिलं. क्रिप्टो ही मालमत्ताच आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असंही सांगितलं. ग्राहकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोला तो नाही.

किल्ली स्वतःकडे ठेवली तर?

स्वतःचं वॉलेट घेता येतं. त्यात १२ किंवा २४ शब्द मिळतात, त्यांतूनच किल्ली तयार होते. चोराची भीती कमी होते, पण सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. शब्द हरवले तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही.

शिवाय खासगीपणाचा प्रश्न उरतोच. शिल्लक दाखवण्यासाठी बहुतेक वॉलेट ॲप कुठल्या तरी सर्व्हरला विचारतात. त्या सर्व्हरला तुमचे पत्ते आणि इंटरनेट कुठून वापरता हे दिसू शकतं. बिटकॉइनची हिशोबवही तर जगाला खुली. एकदा पत्त्याला नाव चिकटलं की त्या पत्त्यावरचा जुना-नवा सगळा व्यवहार वाचता येतो. काही सेवा फक्त ‘पाहण्यापुरती’ किल्ली मागतात. तिने पैसे काढता येत नाहीत, पण ती देणं म्हणजे पासबुक दुसऱ्याच्या हातात देणं. १२ शब्द देणं म्हणजे सह्या केलेलं अख्खं चेकबुक देणं.

केवायसीची कागदपत्रंही अशीच जोखमीची. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की, लाच घेऊन काही मदतकक्ष कर्मचाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि ओळखपत्रांची माहिती बाहेर दिली. किल्ल्या शाबूत राहिल्या, पण कुणाला फोन करून फसवायचं याची यादी चोरांना मिळाली.

पैसे टाकण्याआधी एवढं विचारा

- किल्ली कुणाकडे? ‘सगळ्यांचं मिळून एकच वॉलेट, मी सांभाळतो’ असं एखादा एजंट म्हणाला तर ते पैसे त्याच्याच ताब्यात गेले असं समजा.
- कंपनी भारत सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे (एफआययू) नोंदणीकृत आहे का? नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे, पण नोंदणीच नसेल तर लांबच राहा.
- १२ शब्द कागदावर लिहा. त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोन दुरुस्तीला देताना तर विशेष जपा.
- फसवणूक झाली तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा.

नफा किती मिळेल, हे सांगणारे गावोगाव भेटतात. किल्ली कुठे आहे, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.