संगणकाचे शिक्षण : बी तपासूनच पेरा



दहावी-बारावीचे निकाल लागले की शिवारात आम्हाला विचारले जाणारे प्रश्न बदलतात. हुमणी आणि बोंडअळी मागे पडते आणि "साहेब, पोराला कंप्युटरला घालू का?" हे सुरू होते. प्रश्न शेतीबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. कारण त्याच्यापाठोपाठ बहुधा दुसरा येतो, "त्यासाठी एकरभर काढावा का?" एकदा विकलेली जमीन सहसा परत येत नाही. म्हणून या आठवड्यात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून याच विषयाकडे पाहू.

प्रथम हे काम काय आहे ते समजून घ्या. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. मोटार चालू-बंद करणाऱ्या यंत्राचेच पाहा. टाकी भरली तर मोटार बंद कर, विहिरीचे पाणी खाली गेले तरी बंद कर, वीज गेली आणि परत आली तर थोडे थांबून सुरू कर, असे सर्व आधी कोणीतरी विचार करून लिहून ठेवावे लागते. अशा क्रमवार आज्ञांना प्रोग्रॅम म्हणतात आणि त्या लिहिणारा तो प्रोग्रॅमर. आपल्या राज्यात २०२१ पासून आपण मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवतो, तीही अशाच कोणाची तरी कामगिरी आहे.

या कामाला गणिताची गोडी, चिकाटी आणि कामापुरते इंग्रजी लागते. मुलगा दिवसभर मोबाईलवर बोटे फिरवतो म्हणजे त्याला यात गती आहे, असे समजू नका. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र म्हणजेही प्रोग्रॅमिंग नव्हे. ट्रॅक्टर चालवता येणे वेगळे आणि इंजिन बांधता येणे वेगळे.

शिक्षणाच्या मुख्य वाटा तीन. पहिली, दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका. ती चांगल्या गुणांनी झाली तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शासकीय तंत्रनिकेतनाची फी कमी असते, त्यामुळे आपल्या मुलांना ही वाट सोयीची आहे. दुसरी, बारावी विज्ञानानंतर राज्याची सीईटी देऊन चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवी. तिसरी, तीन वर्षांचे बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र आणि पुढे दोन वर्षांचे एमसीए. बीसीएसाठीही २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली आहे, हे पुष्कळ पालकांना प्रवेशाच्या वेळीच कळते. कोणतीही वाट धरली तरी गणित सोडून चालत नाही.

आता नोकरीचे. या धंद्यात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे आहेत, तेव्हा धंदा बुडाला असे कोणी म्हणू नये. पण २००० च्या सुमारास जो पाऊस पडला तो आज नाही. टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून साधे, साचेबंद प्रोग्रॅम यंत्रच लिहून देऊ लागले आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ओळखणारा माणूस हवाच आहे. नुसते पाठ करून पास झालेल्याची गरज मात्र कमी होत आहे.

मोठ्या कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार मिळतो, आणि दहा वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. पुण्यात खोली, खाणे आणि प्रवास वजा जाता निम्मे उरले तरी पुष्कळ. आपल्या गावच्या एकराच्या भावाला त्या शिलकीने भागून पाहा. एकर परत घ्यायला किती वर्षे लागतील ते घरबसल्या कळेल.

सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजतो. सत्तर उगवले तर बी चांगले. कॉलेजचीही अशीच उगवण तपासा. शंभरांत किती मुले पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पगारावर, आणि मागच्या दोन वर्षांचे काय, हे चार प्रश्न विचारा. भिंतीवरचे फोटो पाहून परत येऊ नका. शेवटच्या वर्षातल्या दोन मुलांना गाठून एकांतात बोला. आणि नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या क्लासला उंबऱ्यावरूनच रामराम करा.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने मला विचारले, मुलाला सीईटीत गुण कमी, व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळते, एक एकर विकू का? बोलता बोलता कळले की धाकट्या मुलीला गणितात त्याच्यापेक्षा चांगले गुण आहेत, पण तिचा विचारच घरात झालेला नव्हता. मी त्यांना नियम सांगितला, तो तुम्हीही ध्यानात ठेवा. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा आर्थिक दुर्बल गटातील आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींची शिक्षण फी २०२४ पासून शासन पूर्ण भरते. मुलांसाठी निम्म्या फीची सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याला हे लाभ नाहीत. अल्पभूधारकाच्या मुलामुलींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. त्या घरात आता मुलगी सीईटीची तयारी करते आहे, मुलगा पदविकेला गेला, आणि एकर जागेवर आहे.

तरीही पैसे कमी पडले तर जमिनीआधी बँकेकडे जा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आणि प्रवेशापूर्वी मुलाची गोडी पाहायची असेल, तर मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहे आणि त्यातले बरेच पाठ मराठीतही आहेत. सुट्टीत दोन महिने त्याला बसू द्या. तो आपणहून रोज बसला तर वाफसा आला असे समजा.

उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला आताच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते आणि मुदत कोणासाठी थांबत नाही.