जबाबदारी कोण घेणार?

एप्रिल उजाडला की गावोगावी उन्हाळी शिबिरांचे फलक झळकतात. ट्रेकिंग, पोहणे, व्यक्तिमत्त्व विकास, संस्कार, म्हणाल ते मिळते. अर्जावर 'काही आजार आहे का?' असा एक रकाना असतो. आईने तिथे प्रामाणिकपणे 'टाईप वन डायबिटीस' लिहिले की संयोजकांचा फोन येतो. सूर सौजन्याचा, वाक्य ठरलेले: "आमची ना नाही हो ताई, पण जबाबदारी कोण घेणार?" मूल घरी बसते. पुढच्या वर्षी आई तो रकाना कोरा सोडते, आणि ते तर अधिकच धोक्याचे.

वास्तविक ही जबाबदारी शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी घेतली आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९२५ साली, अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी मधुमेही मुलांचे शिबिर भरवले. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता. लघवीत रसायन घालून ती उकळायची आणि रंगावरून साखरेचा अंदाज बांधायचा. आज पाच-दहा सेकंदांत आकडा समोर येतो, तरी आपला प्रश्न तोच.

धोका नाही असे मुळीच नाही. मुले दिवसभर हुंदडली की शुगर उतरते, आणि कधी कधी ती भर झोपेत उतरते. म्हणून जाणकार शिबिरात इन्सुलिनचा डोस आधीच थोडा कमी करतात आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास कार्यकर्ते बॅटरी घेऊन फिरतात. पांघरुणातून एक बोट बाहेर काढायचे, टोचायचे, थेंब पट्टीला लावायचा. आकडा सत्तरच्या खाली दिसला तर उठवून साखरपाणी पाजायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. सवयीची मुले टोचल्यावर कूसही बदलत नाहीत.

अशा शिबिरात मुले एकमेकांकडून जे शिकतात ते दवाखान्यात शिकवता येत नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट ताकदीच्या इन्सुलिनच्या बाटलीला, नारिंगी टोपणाची १०० च्या. गल्लत झाली तर डोस अडीचपट चुकतो. हे बारा वर्षांची ताई आठ वर्षांच्या पोराला दटावून सांगते तेव्हा ते पक्के बसते. शिबिराबाहेर शेजारीपाजारी 'गोड फार खाल्लं असेल' म्हणतात. खरे तर टाईप वनचा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने सुई घरातही दार लावून घेतली जाते. शिबिरात जेवणाआधी अख्खी पंगत पोटाला सुई टोचते आणि कोणी मान वर करून बघत नाही.

छत्रपती संभाजीनगरची 'उडान' किंवा त्यासारख्या संस्था या मुलांसाठी मनापासून काम करतात. पण आपल्याकडे समारंभाचा सोस कुठेही शिरतो. इन्सुलिन टोचून झाले आहे, पाने मांडली आहेत आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण संपत नाही, हा प्रसंग मधुमेही मुलांच्या शिबिरात हास्यास्पद नव्हे, घातक आहे. पाहुण्यांना बोलवायचेच तर जेवणानंतर बोलवा.

आणि खास शिबिरे कितीही चांगली असली तरी या मुलांनी कायम स्वतःला आपल्यातच कोंडून का घ्यावे? २०१७ साली सीबीएसईने टाईप वनच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी सोबत न्यायला परवानगी दिली. परीक्षेच्या हॉलमध्ये जे चालते ते राजगडाच्या वाटेवर चालायला हरकत नसावी.

संयोजकांनी एवढेच करावे. पुढच्या वर्षीचे अर्ज छापण्याआधी गावातल्या मधुमेहतज्ज्ञांना बोलावून कार्यकर्त्यांची एक दुपार शिकण्यात घालवावी: बोट कसे टोचायचे, घाम, थरथर, चिडचिड दिसली की काय ओळखायचे, शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तडक दवाखान्यात कसे न्यायचे. ग्लुकोमीटर आणि साखरेचा डबा प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावा. मग त्या आईला फोन जरूर करावा, आणि मुलाच्या डोसाच्या वेळा विचारून घ्याव्यात.