तापीच्या उगमाकडचा हॉकीपटू खासदार



आपल्या जळगाव-धुळ्याची तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईला उगम पावते. महाराष्ट्राला लागून असलेल्या त्या भागात मराठी बोलणारी घरेही बरीच आहेत. तिथल्या मतदारांनी दोनदा लोकसभेत पाठवलेल्या एका खेळाडूची ओळख या महिन्यात करून घेऊ.

अस्लम शेर खान भोपाळचे. वालिद अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. मुलाचे नाव झाले ते १९७५ मध्ये, क्वालालंपूरच्या विश्वचषकात. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी होता. सामना सत्तर मिनिटांचा. पासष्टावे मिनिट आले तरी भारत १-२ ने मागे. तोवर बाहेर बसलेल्या अस्लम यांना आत पाठवले गेले आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यांनी गळ्यातल्या ताविजाचे चुंबन घेतले आणि गोल केला. पुढे जादा वेळेत भारत जिंकला. १५ मार्चला अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवून भारताने विश्वचषक उचलला. पुरुष हॉकीतला आपला तो आजवरचा एकमेव विश्वचषक.

ताविजाबद्दल आपल्यात मतभेद आहेत. पण तो फटका वर्षानुवर्षांच्या सरावाचा होता, यात मतभेद नाही. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे.

१९८४ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते बैतूलमधून खासदार झाले. या मतदारसंघात मुसलमान थोडे. हिंदू आणि आदिवासी मतदार जास्त. म्हणजे नुसत्या आपल्या मतांवर तिथे कोणी निवडून येऊच शकत नाही. १९८९ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना घरी बसवले आणि भाजपच्या आरिफ बेग यांना निवडून दिले. १९९१ मध्ये मात्र अस्लम शेर खान पुन्हा जिंकले.

यात आपल्यासाठी विचार करण्यासारखे बरेच आहे. खेळातले नाव एकदा दार उघडून देते. पुढे लोक कामाचा हिशेब मागतात. आपल्याकडे निवडणूक आली की मोहल्ल्यात आधी बिरादरीची मते मोजली जातात. वॉर्डाच्या पलीकडच्या गल्लीत कोण राहते, त्यांच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे उमेदवाराला ठाऊक नसते. मग एकाच मोहल्ल्यात चार उमेदवार उभे राहतात, चौघे पडतात आणि गटार तशीच तुंबलेली राहते.

सगळ्यांना सोबत घेऊन चालण्याची सवय भाषणाने लागत नाही. ती मैदानावर लागते. तिथे चेंडू पुढे देताना समोरच्याचे आडनाव विचारत नाहीत. म्हणून अम्मी-अब्बांना एवढेच सांगणे: अभ्यास सांभाळून मुलांना खेळू द्या, मुलींनाही. आणि मत मागायला कोणी दारात आला, तर तो कोणाचा आहे हे विचारण्याआधी शेजारच्या गल्लीत त्याने काय काम केले, ते विचारा.